इतर भाषांचं कपाट

आसेगावजवळच्या नव्या कॉलेजात देवमन ग्रंथालयाचा शिपाई होता. चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. ग्रंथालयात दहा कपाटं. नऊ कपाटांत इंग्रजी पुस्तकं, तीही स्कॉटलंडच्या मेंढ्या अन् बर्फात गुलाब कसे जपावेत असली. मराठी, हिंदी, उर्दू सगळं दहाव्यात कोंबलेलं. त्यावर पाटी, ‘इतर भाषा’. दार उघडलं की पुस्तकं अंगावर यायची.

एक दिवस देवमननं वही आणली. त्याच्या आईच्या, भागिरथाबाईच्या, जात्यावरच्या ओव्या एका विद्यार्थिनीनं लिहून घेतल्या होत्या.

“साहेब, हे कुठी ठेवू?”

ग्रंथपाल बापूरावांनी इंग्रजांच्या काळातली, पुस्तकांना नंबर द्यायच्या नियमांची जाड वही काढली. दुपारपर्यंत पानं उलटली. “मेंढ्यायचे एकोणीस नंबर हायेत. जात्याचा एकबी नाही. नंबर नाही म्हंजे हे पुस्तकच नाही.”

देवमनला ते लागलं. “माय माही रोज जात्यावर ह्या ओव्या म्हनते, अन् तुमी म्हणता हे पुस्तकच नाही? आमी इतर कायले? नियमात इतर म्हंजे काय लिवलं हाये?”

बापूरावांनी वाचलं, “त्या ठिकाणी जी बोलत नाहीत ती भाषा.”

बापूरावांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. आयुष्यभर त्यांनी नियम मोडला नव्हता, अन् इथं तर रोजच मोडत होते! त्यांनी कोट काढला. संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून इथल्या भाषांची पुस्तकं नऊ कपाटांत मोकळी मांडली अन् सगळी इंग्रजी पुस्तकं दहाव्या कपाटात कोंबली. ओव्यांच्या वहीला पहिला नंबर मिळाला.

पुढच्या महिन्यात विद्यापीठाची तिघांची समिती आली. “इंग्रजी कुठं आहे?”

“इतरात, साहेब.”

अध्यक्ष भडकले. बापूरावांनी नियम पुढं केला. तेव्हा गावात इंग्रजी बोलतात की नाही, हे तपासायला तिघंही सभासद एसटी स्टँडवर गेले. तासभर कुणी इंग्रजी बोललं नाही. शेवटी पलटणीतून परतलेले जानराव पाणी पिऊन म्हणाले, “थँक्यू.”

समितीनं अहवालात लिहिलं: ‘स्थानिक इंग्रजी, एक शब्द. एक कपाट योग्य.’

ही बातमी मानोरा गावापर्यंत गेली. आठवड्यानं तिथल्या बंजारा तांड्यावरचे म्हातारे सेवादास आले. हात रिकामे.

“पुस्तक आनलं का, बाबा?” देवमननं विचारलं.

“आमच्या बोलीत पुस्तक नाही,” म्हातारा खाली बसला. “मी सांगतो, तू लिव.”

देवमननं शिपायाची टोपी काढून ठेवली अन् बापूरावांच्या खुर्चीत बसून लिहायला घेतलं. बापूराव स्वतःच पाणी आणायला गेले.