मोळी जाईल एवढी वाट

लहानूदादा गेल्याचं त्याच्या मुलीनं, सुमननं, फोनवर सांगितलं. "बा गेला, साहेब. भिंतीपासून मागं फिरलो तवा बोलत व्हता..." पुढचं मला ऐकवेना. ती भिंत माझ्या नकाशातली होती.

जव्हारला मी जमिनी मोजून प्लॉट पाडून देतो. लहानूदादा खालच्या पाड्यावरचा, रोजंदारीवर माझी टेप धरणारा. दुपारी नागलीची अर्धी भाकरी माझ्यापुढे ठेवायचा आणि टेप ढिली धरली की मलाच झापायचा. कमरेला दोन गाठींची एक दोरी असे. पाड्यावर कुणी शेताला कुंपण घातलं की त्या दोन गाठींमधल्या अंतराएवढी फट सोडायची; डोक्यावर मोळी घेतलेली बाई तिरकी न होता गेली पाहिजे. शेत ज्याचं त्याचं, वाट सगळ्यांची, असा तिथला रिवाज.

गाव मोखाड्याच्या रस्त्याकडे पसरू लागलं, तेव्हा माळावरच्या वसाहतीचं काम मला मिळालं. गिऱ्हाइकांना वर्दळ नको होती, म्हणून मी सगळ्या गल्ल्या टोकाला भिंत दाखवून बंद केल्या. नकाशावर काय देखणं दिसत होतं ते! शेवटच्या गल्लीच्या टोकाला मात्र दादा भिंतीची खुंटी ठोकेना. दोरी जमिनीवर पसरून म्हणाला, "एवढीच ठेवा, साहेब. आमच्या बाया ह्याच वाटेनं दवाखान्यात जातात."

"नकाशा मंजूर झालाय, दादा. आणि गाडीरस्ता आहे की!"

"आमच्याकं गाडी कुठं हाये?"

खुंटी मीच ठोकली.

यंदा लावणीच्या दिवसांत त्याच्या छातीत कळ आली. चौघांनी झोळीत घातलं आणि नेहमीच्या वाटेनं चढ चढले. वसाहतीची भिंत आदल्याच दिवशी त्या टोकाला पोचली होती. शेतात वाकलेल्या पाड्याला ते कुठून कळणार? मागे फिरून गाडीरस्त्यानं वळसा घालताना दादा गेला. डॉक्टर म्हणाले, लवकर आणला असता तरी... सांगता येत नाही. ते 'सांगता येत नाही' मला चिकटून बसलंय.

त्याच्या दिवसकार्याला गेलो. सुमननं बोल लावला नाही, लावला असता तर बरं वाटलं असतं. निघताना तिनं दोरी हातात दिली. "बा म्हनायचा, साहेब इसरतो, त्याला द्या."

दोरी आता माझ्या टेबलाशेजारी खिळ्याला आहे. परवा तो नकाशा काढला आणि दोन गाठींमधलं अंतर नकाशाच्या प्रमाणात त्यावर मांडून पाहिलं. नागलीच्या एका दाण्याएवढं भरलं. तेवढी जागा माझ्यानं सोडवली नाही.