गाळलेलं नाव

त्या लांबट खोलीत माणसं झोपलेली यायची आणि जागी होऊन जायची. पांढरे पडदे, मंद दिवे, प्रत्येकाच्या बोटाला एक चिमटा आणि चिमट्याला जोडलेल्या यंत्राची टिकटिक. पाच-सहा जणांच्या काळजाचे ठोके एकमेकांत मिसळून खोलीभर तरंगत असायचे. ऑपरेशन झालेल्या माणसांच्या उशाशी गेली सतरा वर्षं जी सिस्टर उभी होती, तिला सगळे हळूबाई म्हणत. डोळे उघडू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या कानाशी ती एकच शब्द बोले, "हळू." डॉक्टर मंडळी तिच्यामागे म्हणायची, आग लागली तर ही बाई आगीलासुद्धा हळू म्हणेल.

भूल उतरताना माणूस धड इथला नसतो, धड तिथला नसतो. त्या धुक्यात तो काय बोलेल याचा नेम नाही. कुणी मेलेल्या बहिणीशी गप्पा मारी, कुणी कुत्र्याला बोलावी. एका मास्तरांनी तर अख्खा वर्ग बाकावर उभा केला होता. आणि पुष्कळ जण देवाचं नाव घेत. एक गवंडी अर्धा तास "येशू, येशू" करत राहिला. हळूबाईने वाकून विचारलं, "फार दुखतंय का दादा?" तर म्हणाला, "पाणी." तिने ओल्या कापसाने त्याचे ओठ टिपले, तसा तो शांत झाला. पाण्याच्या थेंबासाठी एवढं मोठं नाव, असं तेव्हा तिच्या मनात येऊन गेलं होतं.

यायचंच. ती वाढली ते घर तसं होतं. वडील चर्चची देखभाल करायचे. बाकं पुसायची, घंटा वाजवायची, दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालायचं. प्रभूचं नाव प्रार्थनेत घ्यायचं, एरवी नाही, असा घरचा शिरस्ता. वडिलांच्या बोटावर हातोडी बसली की ते ओरडायचे, "भोपळा!" मुलंही तेच शिकली. कप फुटला, भोपळा. पाय मुरगळला, भोपळा. हळूबाईचा नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. लग्नानंतर आठवड्याभरातच त्याने विचारलं होतं, "तुझ्या माहेरी देवाला जास्त भितात की भोपळ्याला?"

त्यांची मुलगी नऊ वर्षांची. बुटकी, गोल, म्हणून तिला बटण म्हणत. या वर्षी तिने शाळेतून एक नवं खूळ आणलं. पेन्सिलीचं टोक मोडलं, "जीझस!" बस चुकली, "जीझस!" दुधावर साय दिसली, "जीझस!" आणि वर डोळे फिरवणं. हळूबाईने चार वेळा कानाआड केलं, पाचव्यांदा तिचं डोकं फिरलं.

"खबरदार! ते नाव मनापासून घ्यायचं असेल तरच घ्यायचं. नाहीतर तोंडातून काढायचं नाही. कळलं?"

बटणला कळलं. दुसऱ्या दिवसापासून "जीझस" बंद. हळूबाई नवऱ्याला म्हणाली, "बघा, एकदाच सांगावं लागलं."

तीनेक आठवडे गेले. रात्रीच्या जेवणानंतरची प्रार्थना त्या दिवशी बटणकडे होती. आत्याचा गुडघा, वर्गातला बंद पंखा, बाबांच्या लिफ्टा, सगळ्यांसाठी मागून झालं. "येशूच्या नावाने मागतो" म्हणायची जागा आली आणि ती थांबली. एक श्वास गेला. मग म्हणाली, "आमेन."

विसरली असेल, असं हळूबाईला वाटलं. पण पुढच्या खेपेलाही तेच. रविवारी चर्चमध्ये गाताना तिने तिरक्या नजरेने पाहिलं. नाव आलं की बटणचे ओठ मिटत, सूर पुढे गेला की उघडत. रस्त्यातल्या डबक्यावरून उडी मारून जावं तसं चाललं होतं.

आता दवाखान्यातल्या त्या लांबट खोलीत उभं असताना पडदे हलले की हळूबाईला भास व्हायचा. शेवटच्या खाटेवर बटण झोपली आहे, मोठी झालेली, केस पांढरे. धुक्यातून वर येते आहे. कुणाला तरी हाक मारायची आहे, ओठ हलताहेत, पण नाव सापडत नाही. मग यंत्राची टिकटिक पुन्हा ऐकू यायची आणि खाटेवर कुणी परकाच माणूस असायचा.

"मी नाव धुवायला घेतलं आणि पुसूनच टाकलं हो," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, सरळ विचार की तिला."

"आणि म्हणाली, माझा विश्वासच नाही, तर?"

"तर भोपळा!" तो हसला. ती हसली नाही.

रविवारी दुपारी गच्चीवर चादरी वाळल्या होत्या. वारा भरून त्या फुगायच्या, पुन्हा खाली बसायच्या, जणू सगळी गच्ची झोपेत श्वास घेत होती. मायलेकींनी एका चादरीची दोन-दोन टोकं धरली.

"बटण, प्रार्थनेच्या शेवटी तू थांबतेस ना?"

"हं."

"विसरतेस?"

"नाही गं." टोकाला टोक लावायला ती जवळ आली. "तूच म्हणालीस ना, मनापासून असेल तरच. मी रोज मनात बघते. तोपर्यंत मला झोप आलेली असते. मग कसं घेऊ?"

हळूबाईच्या हातून चादरीचं टोक सुटलं.

"आणि तू गं?" बटणने विचारलं. "तू तर एका दमात म्हणतेस, येशूच्यानावानेमागतोआमेन. आमेन संपायच्या आत ताटं उचलतेस."

वाऱ्याने चादर मधोमध फुगली आणि क्षणभर दोघी एकमेकींना दिसेनाशा झाल्या. हळूबाईला बरंच वाटलं. सतरा वर्षं ती लोकांच्या उशाशी उभी राहून त्यांच्या हाका मनात तोलत आली होती, आणि स्वतःची हाक खरकट्या ताटांबरोबर उचलून नेत होती.

"घाईत घेते खरी," ती म्हणाली. "कित्येक वर्षं. मी तुला चुकीचं सांगितलं, बाळा. चिडवायला, मिरवायला नाही घ्यायचं, ते खरं. पण आधी मन तपासून मगच हाक मारायची म्हटलं, तर आमच्या खोलीतल्या एकालाही मारता आली नसती. अर्धे झोपेतच असतात बिचारे."

"मग आपण कुणाला हाक मारतोय ते त्यांना कळतं?"

"नाही गं माहीत मला. पण मारतात."

घडी काखेत घेऊन बटण पलीकडच्या चादरींच्या रांगेत शिरली. तिची सावली एका चादरीवरून दुसरीवर सरकत गेली आणि थांबली. मग हलक्या आवाजात, जिन्यावरून खालच्या मजल्यावर कुणी आहे का बघावं तसं, एकदाच ऐकू आलं, "येशू?"

हळूबाई जागच्या जागी उभी राहिली. मनापासून होतं का, असं विचारायचा मोह तिने गिळला. दुसराच प्रश्न तोंडातून निसटला.

"ओ दिली का त्याने?"

"अजून नाही."

"मग?"

"मग काय," चादरीआडून बटण म्हणाली, "तू तरी कुठे पहिल्या हाकेला ओ देतेस!"