बुडालेल्यांनी आंब्याखाली बसायचं

डायलेसीआज्जी हत्तीला हत्ती म्हणत नसे, 'तो' म्हणे. लुआंग्वा नदीच्या काठी राहायचं आणि हत्तीचं नाव घ्यायचं नाही, म्हणजे कोळ्याच्या घरात माशाचं नाव टाळण्यासारखं. पण तिच्या नवऱ्याला मक्याच्या शेतात त्यानं तुडवलं, आणि तेव्हापासून तिच्या तोंडून तो शब्द गेला तो गेलाच. त्याच आठवड्यात तिच्या लेकीला मुलगी झाली. घरात रडण्याशिवाय दुसरं काही चाललंच नव्हतं, म्हणून पोरीचं नाव पडलं मिसोझी, म्हणजे आसवं. लेक पुढे कामासाठी चिपाटा शहरात गेली आणि मिसोझी आज्जीच्या पदराखाली वाढली.

आज्जी भित्री होती. मेलेल्यांबद्दल बोलतात तसं गोड करून मी सांगणार नाही, कारण ती अजून जिवंत आहे आणि तिला स्वतःलाही ते मान्य आहे. ऊन कलायला लागलं की ती मिसोझीला हाताला धरून घरात ओढी. कुठे फांदी मोडली की हातातली पळी हवेत थांबे आणि खाली मक्याच्या पिठाची न्शिमा करपून जाई. माझी आई तिची शेजारीण, आणि आईची जीभ म्हणजे विळाच. "डायलेसी, माझ्या कोंबडीनं पंख झाडले तरी तुला त्याचे कान फडफडलेले ऐकू येतात गं," असं ती कुंपणावरून म्हणे. आज्जी हसे, आणि हसता हसता दाराला आतून लाकूड लावी. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. आमच्या आईचं तोंड तोवर पोळलं नव्हतं.

रविवारी सकाळी मात्र हीच बाई ओळखू येत नसे. चर्चच्या अंगणात आम्हा पोरांची संडेस्कूल भरायची आणि ती आज्जी चालवायची. तिला वाचता येत नव्हतं. पास्टर गाण्यांचं पुस्तक पुढे करत, ती ते डोक्याला लावून परत देई. तिचं म्हणणं असं, की तोंडातून शिरलेलं गाणं तोंडातूनच निघून जातं, पायातून शिरलं तर राहतं. म्हणून आम्ही बसून कधी गायलोच नाही. नोहाच्या नावेच्या गाण्यात जनावरांसारख्या जोडीजोडीनं उड्या मारायच्या, यरीहो नगराच्या गाण्यात त्याच्या भिंतीसारखं कोसळायचं. आमच्यातली निम्मी पोरं प्रभूसाठी येत नसत, खेळासाठी येत, आणि आज्जीला त्याचं काही वाटत नसे.

तिचे दोन खेळ सगळ्यांत लाडके होते. पहिला वादळाचा. आम्ही सगळे समुद्र व्हायचो, हात हलवायचो, घुमायचो, ओरडायचो. मग मध्येच ती हात वर करून म्हणे, "शांत हो." प्रभूनं नावेत उभं राहून वादळाला म्हटलं होतं, तसंच. तो शब्द ऐकला की जिथे असाल तिथे दगड व्हायचं. जो हलला तो बुडाला. बुडालेल्यानं दोन्ही हातांनी डोळे झाकायचे, कारण पाण्याखाली दिसत नाही, आणि तसंच चालत जाऊन अंगणाच्या टोकाच्या आंब्याखाली बसायचं. वाट सरळ होती, पावलांना पाठ होती.

दुसरा खेळ हरवलेल्या मेंढराचा. एकजण डोळे झाकून कुठेतरी उभा राही. आज्जी मेंढपाळ. ती हळू आवाजात गात निघे, "माझं कुठे गं, माझं कुठे," आणि मेंढरानं जागचं न हलता "में" करून उत्तर द्यायचं. मग ती जवळ येऊन आपल्या चितेंगेचं, कमरेच्या कापडाचं, टोक त्याच्या हातात देई. ते धरून, डोळे न उघडता, तिच्यामागून घरी यायचं. ज्यानं डोळे उघडले तो हरला.

मिसोझी सगळ्यांत लहान, जेमतेम पाच वर्षांची, आणि खेळात भारी सच्ची. एका रविवारी ती हलली ते कोणीच पाहिलं नव्हतं. तरी तिनं आपणहून डोळे झाकले आणि आंब्याकडे चालू लागली. आज्जीनं खेळ थांबवून सगळ्यांना सांगितलं, बघा, हिला कोणी बाद केलं नाही, देवानं पाहिलं म्हणून ही स्वतः गेली. असं वागायचं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मिसोझीचा चेहरा आठवडाभर तेल लावल्यासारखा चमकत होता.

पुढच्याच रविवारी तो आला.

आंबे पिकून खाली पडायचे दिवस होते. पाऊस अजून लागला नव्हता आणि सकाळीच अंग भाजत होतं. मोठ्यांची उपासना सुरू व्हायला वेळ होता, त्यामुळे अंगणात आम्ही पोरं आणि आज्जी, बाकी कोणी नाही. आंब्याच्या दिवसांत ते वस्तीत शिरतात, पण रात्री. उजेडी कोणी येईल असं कुणाच्या मनातही नव्हतं. आम्ही आंब्याकडे पाठ करून समुद्र झालो होतो. मी पुढच्याच रांगेत होते. आज्जीचं तोंड आमच्याकडे होतं आणि त्या तोंडाचा रंग एकाएकी राखेसारखा झाला.

तिनं हात वर केला. आवाज फुटेना. दुसऱ्यांदा फुटला. "शांत हो."

आम्ही दगड झालो. आणि त्या शांततेत मागून आवाज आला, आंबा आख्खा तोंडात जाऊन फुटल्याचा, आणि पोटातली ती खोल गुरगुर. नदीकाठच्या पोराला मान वळवून बघावं लागत नाही. माझ्या पायावरून गरम धार वाहिली. मला लाज वाटली नाही, लाज वाटायला जागाच उरली नव्हती.

आज्जीचे डोळे आमच्यावरून फिरत होते. हलू नका, हलू नका, असं ते डोळे म्हणत होते, आणि खरंच एकही पोर हललं नाही. त्याला आंबे हवे होते. खाऊन तो गेला असता, आणि ही गोष्ट आज मी सांगतही बसले नसते.

पण मिसोझीच्या नाकावर माशी बसली. तिनं नाक खाजवलं. तिच्या डोक्यात हत्ती कुठे होता? तिच्या डोक्यात खेळ होता. पाहणारा देव होता आणि गेल्या रविवारच्या टाळ्या होत्या. तिनं दोन्ही हातांनी डोळे झाकले, वळली, आणि आंब्याकडे चालू लागली.

माझ्या शेजारून गेली ती. मी हात लांब केला असता तर धरता आली असती, पण मी दगड होते. तिच्या पावलांचा आवाज लांब जाताना मी ऐकत राहिले. मागे आंबे खायचा आवाज थांबला.

आज्जी ओरडली असती तर आम्ही सगळी उधळलो असतो आणि तोही उधळला असता. हे तिनं विचार करून ठरवलं असेल असं मला वाटत नाही. तिची दातखीळच बसली होती. मग त्या आवळल्या दातांतून, आजारी माणसानं कण्हावं तसं, गाणं बाहेर आलं. "माझं कुठे गं, माझं कुठे."

मागची पावलं थांबली. आणि पोरीनं इमानदारीनं उत्तर दिलं, "में."

त्या 'में'वर त्याचे कान फटकन उघडले. कापड झटकल्यासारखा आवाज होतो तो. आज्जी आमच्या मधून चालत निघाली. माझ्या जवळून जाताना तिचे दात वाजताना मी ऐकले. गाणं थांबलं नव्हतं, पण त्यातले शब्द गेले होते, सूर तेवढा उरला होता. तेव्हा मात्र मी वळले. मला राहवलंच नाही.

म्हातारा नर होता, एकच सुळा असलेला. मिसोझी अंगणाच्या मध्यावर डोळे झाकून उभी, आणि तो तिच्याकडे तोंड करून. आज्जी गेली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली. त्याच्याकडे तोंड, पोरीकडे पाठ. हात मागे करून तिनं चितेंगेचं टोक मिसोझीच्या हाताला लावलं. मिसोझीनं एक हात डोळ्यांवरून काढून ते धरलं, डोळे घट्ट मिटलेलेच.

तो धावून आला. खरं आला की भिववायला आला, हे शहाण्यांनी नंतर सावलीत बसून ठरवलं. धूळ उठली आणि त्या धुळीत आज्जी दिसेनाशी झाली. सूर मात्र ऐकू येत होता. धूळ बसली तेव्हा तो थांबलेला होता, सोंड वळवत, आणि ती एकेक पाऊल मागे सरकत होती. तिच्यामागे कापड धरून मिसोझीही उलट्या पावलांनी येत होती, कारण कापड ढिलं पडू द्यायचं नाही असा नियम होता. त्यांच्याबरोबर आम्हीही मागे मागे सरकत चर्चच्या दारातून आत गेलो. तो जरा वेळ बघत राहिला आणि मग आंब्यांकडे वळला.

आत आल्यावर मिसोझीनं विचारलं, "आज्जी, मी डोळे उघडले नाहीत. जिंकले ना?"

"जिंकलीस," आज्जी म्हणाली, आणि भिंतीला धरून खाली बसली.

आईनं हे सगळं वाटेवरून पाहिलं होतं. तो गेल्यावर ती धावत आली, आज्जीचे पाय चोळायला लागली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, की उद्यापासून हिला कोणी भित्री म्हटलं तर गाठ माझ्याशी आहे. लोक जमले, स्तुती करू लागले, पास्टरांनी सिंहांच्या गुहेतून जिवंत परतलेल्या दानीएलची गोष्ट काढली. आज्जी म्हणाली, "तो आंबे खायला आला होता. पोरीला त्याच्याकडे पाठवली मी."

त्यानंतर बरेच रविवार ती आलीच नाही. पास्टर बोलवून थकले, आईनं न्शिमाचं ताट नेऊन तिला समजावलं. भय गेलं नव्हतं, उलट वाढलं होतं. आधी ती एका गोष्टीला भ्यायची, आता स्वतःच्या तोंडालाही भिऊ लागली. आपण पोरांना जे शिकवतो ते पोरं खरंच करतात, असं ती आईला म्हणाली. शेवटी आम्ही पोरंच तिच्या दारात जाऊन समुद्र होऊ लागलो. गाण्यातले निम्मे शब्द चुकवत होतो. ते तिला सोसेना, म्हणून ती बाहेर आली.

नियम मात्र तिनं बदलला. आता बुडालेल्यानं कुठे जायचं नाही, धावत येऊन तिचं कापड धरायचं. खेळ संपतो तेव्हा सगळी पोरं त्या कापडाला लोंबकळत असतात, जिंकणारं कोणी उरत नाही, आणि कापड दर मोसमाला फाटतं. दुसऱ्या वस्तीची पोरं म्हणतात, हा कसला खेळ.

आता आज्जीला नीट दिसत नाही. माझी धाकटी तिच्या संडेस्कूलमध्ये जाते. खेळ संपला की आज्जी एकेका डोक्याला हात लावून नाव घेते, पोर "में" म्हणतं. सगळी झाली की ती आंब्याच्या दिशेला तोंड करून म्हणते, "मिसोझी?"

मिसोझी चिपाटाला नवऱ्याच्या घरी आहे, दोन लेकरांची आई झाली आहे. आज्जीला ते चांगलं ठाऊक आहे, विचारलं तर पणतवंडांची नावंही सांगते. तरी उत्तर आल्याशिवाय ती एकाही पोराला घरी सोडत नाही. पोरांनीच आपसात पाळी लावून घेतली आहे. ज्याची पाळी असेल ते मिसोझीच्या वाटचं "में" म्हणतं.

परवा माझ्या धाकटीची पाळी होती. ती आदल्या दिवसापासून घरात सराव करत होती.