चारच्या वेळची ज्वारी

चार वाजता आक्काचा फोन येत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. सकाळी येईल, ऐन जेवताना येईल, पण चारच्या वेळेला तिला कुणाकडं बघायला सवड नसते. त्यामुळं त्या दिवशी घड्याळात चार आणि मोबाइलवर आक्का, हे दिसल्याबरोबर मी हातातलं काम टाकून फोन उचलला. "सुमन, हे गेले गं... बसल्या जागी. सूप मांडीवरच होतं," एवढंच ती म्हणाली. मिळेल त्या एसटीनं मी जालन्याहून कुंभार पिंपळगावला पोचले. दाजींना जाऊन आता दीड महिना झाला.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. धंद्यानं टेलर. हात सोन्याचा, पण जीव मटक्यात. ऐंशीनंतरची ती वर्षं. पानटपरीवर राजरोस आकडा लावला जायचा आणि दुपारी चारला ओपन, म्हणजे दिवसाचा पहिला आकडा, फुटायचा. दाजींना तर आकडा कुठंही दिसे. गिऱ्हाईकाची छाती छत्तीस भरली की कपडा बाजूला आणि छत्तीसवर पैसे! एका गुरुजींची पँट त्यांनी मापाची सोडून आकड्याची शिवली. गुरुजी ती एका हातानं धरून शाळेत गेले. गाव हसलं, मीही हसले. आक्का तेवढी हसली नाही. पुढं शिलाई मशीनच गहाण पडली, आणि आक्का लेकीला कडेवर घेऊन माहेरी, आमच्या दारात येऊन उभी राहिली.

दाजी न्यायला आले तेव्हा मी उंबऱ्यातच आडवी झाले. माझी जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा धारदार (अजूनही आहे म्हणा). "काय दाजी, आक्काचं माप घ्यायला आलात? कितीवर लावणार?" असं चारचौघांत विचारलं. त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "सुमनबाई, शपथ घेणार न्हाई, लई घेऊन झाल्या. बाकी दिवसभर मी बराबर राहतो, पर चारच्या टायमाला माझे पाय माझं ऐकत न्हाईत. तेवढ्या टायमाला मला कुणीतरी धरून बसवा." आतून आक्का ऐकत होती. तिनं सरळ पिशवी भरायला घेतली. मला तिचा असा संताप आला! "अगं, पुन्हा त्याच घरात?" तर म्हणाली, "आज पैल्यांदा खरं बोलले."

तिची अट एकच. चार वाजले की ओट्यावर तिच्यासमोर बसायचं आणि सुपात ज्वारी निवडायची. हाताला काम, नजर खाली. बाप्या माणूस भर रस्त्यावर सूप घेऊन बसलेला बघून गावाला आयतीच करमणूक झाली. "टेलर, आमची पण डाळ निवडून देता का?" दाजी म्हणायचे, "आणा की." लोक खरोखर आणायचे! टपरीवाल्यालाही त्यांनी जाऊन सांगितलं, "मी आकडा मागितला तर माझ्या बायकोला हाक मारायची." पहिल्या वर्षात ती हाक एकदा मारावी लागली. आक्का गेली. भांडली नाही, रडली नाही. सूप घेऊनच गेली होती, ते टपरीच्या बाकड्यावर त्यांच्यापुढं ठेवलं... आणि दाजी तिथंच मान खाली घालून निवडत बसले. त्यानंतर गावात त्यांना कुणी हसलेलं मी ऐकलं नाही.

जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात म्हणतात ना, तसं माझं झालं. जालन्यात ऑनलाइन लॉटरीची दुकानं निघाली. काचेचं दार, कॉम्प्युटर, वर गार वारा. माझा नितीन, नोकरीला लागलेला पोरगा, तिथं जाऊन बसायला लागला. आधी पगार गेला, मग खोटं बोलणं आलं, मग माझ्या पाटल्या गेल्या. मी शिव्या घातल्या, अन्न सोडलं, देव पाण्यात ठेवले. शेवटी त्याचं बखोट धरून त्याला दाजींच्या ओट्यावर नेऊन उभा केला. दाजींनी मागचं एका शब्दानं काढलं नाही. नितीनला फक्त विचारलं, "तुझा टाइम कोणता?"

"दर पंधरा मिनिटाला निकाल लागतो, काका."

दाजींनी सूप खाली ठेवलं. "अरे बापा... आमचं एका टायमात भागायचं. एवढी जवारी मी आणू कुठून?"

दुसऱ्याच दिवशी ते आम्हाला घेऊन औरंगाबादला मनाच्या डॉक्टरकडं गेले. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, हे दारूसारखंच व्यसन आहे, आजार आहे, यावर इलाज असतो. पण येत राहावं लागेल, आणि पैसे काही दिवस घरच्यांच्या हाती. बाहेर येऊन दाजी बाकावर बसले. म्हणाले, "आजार हाय म्हणं, सुमन. मला वाटून राह्यलं व्हतं, मीच हलकट हाय." वीसेक वर्षं हा माणूस स्वतःला हलकट समजून खडे वेचत होता! मला तिथंच रडू फुटलं. त्यानंतर नितीनचं डॉक्टरकडं जाणं कधी चुकलं नाही, आणि रविवारी चारला तो दाजींच्या शेजारी ओट्यावर असायचा.

तेराव्याला आवराआवर करताना कोनाड्यात एक डबडं सापडलं. आत नुसते खडे. मी ते फेकायला निघाले, तर आक्का ओरडली, "टाकू नको! रोजचेच हायेत ते." मग तिनं सांगितलं. निवडण्यासारखी ज्वारी तर पहिल्या काही महिन्यांतच संपली होती. रोज चारच्या आत ती या डबड्यातले मूठभर खडे चांगल्या ज्वारीत मिसळायची. दाजी ते वेचून परत डबड्यात टाकायचे.

"त्यांना कधी कळलंच न्हाई?" मी विचारलं.

"न कळायला काय झालं? एकदा एक तांबडा खडा मला दाखवून म्हणले, हा पाव्हणा रोज येऊन राह्यला बघ. अन् टाकला डबड्यात."

तेवढ्यात चार वाजले. पाहुणे चहा पीत होते. नितीन ओट्यावर एकटाच बसला होता, हाताची बोटं चाळवत. दाजी गेल्यापासून मला एकच धास्ती होती, आता याला कोण धरून बसवणार... तो उठून आत आला आणि म्हणाला, "मावशी, काकांचं सूप कुठंय?"

आक्कानं सुपात ज्वारी ओतली आणि डबडं माझ्यापुढं धरलं. "टाक," म्हणाली. मी मूठभर खडे त्या स्वच्छ ज्वारीत टाकले आणि सूप माझ्या लेकापुढं सरकवलं.