दोन टाक्या, एक नळी

सत्तरच्या दशकात लग्न होऊन मी भोंगवलीला आले, तेव्हा सासरच्या गोठ्यामागं गोबर गॅसची टाकी नुकतीच बसली होती. रोज सकाळी शेण पाण्यात कालवून हौदात ओतायचं. त्यातून गॅस धरला, की वरची लोखंडी टाकी हळूहळू वर यायची आणि स्वयंपाकघरातली शेगडी निळी पेटायची. माहेरी मी धुरातच वाढले होते. त्या ज्योतीकडं नुसतं बघत राहावंसं वाटे.

शेजारच्या घरात गावची म्हातारी सुईण राहायची, एकटी. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. पण चुलीच्या धुरानं तिचे डोळे सारखे गळायचे. मामंजींनी तिच्या घरापर्यंत नळी नेली. बदल्यात ती वाटेवरचं शेण गोळा करून आमच्या हौदात टाकायची.

पुढं गल्लीपलीकडच्या चुलत सासऱ्यांनीही टाकी बांधली, आमच्याहून मोठी. त्यांची गुरं जास्त, गॅस उरायचा. एक दिवस ते मामंजींकडं आले.

"दादा, तुमच्या नळीतनं माजा गॅस म्हातारीला दिऊ का? तिचं शेण मलाबी हवंय."

माझ्या सासूबाई (मी त्यांना आत्याबाई म्हणे) आतूनच म्हणाल्या, "नळी आमची हाय!"

मामंजी हसले. "नळी आपली, पर शेगडी तिची. कुणाचा गॅस घ्यायचा ते तिचं ती ठरवंल."

मग आमच्या नळीला त्यांच्या टाकीचा जोड दिला, दोन्ही बाजूंना कॉक बसवले. दोन्ही एकदम उघडायचे नाहीत, नाहीतर त्यांच्या जड टाकीचा दाब जास्त, तिचा गॅस आमच्या हलक्या टाकीत शिरायचा. बाकी म्हातारीची मर्जी. ती आमच्याकडूनच घेत राहिली.

मला दिवस गेले. माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. थंडी पडायला लागली आणि एका सकाळी म्हातारीनं आमचा कॉक बंद करून पलीकडचा उघडला. शेणही तिकडं जायला लागलं. आत्याबाईंना ते फार लागलं. त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं.

पण माझ्या पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा त्याच तिला बोलवायला धावल्या. दुपारी मुलगी झाली. म्हातारी तिच्या टाळूवर तेल घालत बसली होती, तेव्हा आत्याबाईंना राहवलं नाही.

"आमचं काय चुकलं, म्हनून तिकडं गेलीस गं?"

"काय चुकतंय? थंडीत गॅस कमी धरतो. मीबी तुमच्यातनंच घेतला असता, तर ह्या बाळंतिणीला ऊन पाणी कुठनं आलं असतं? तिकडं उरतोय, म्हनून तिकडनं घेतला."

"मग सांगायचं न्हाईस व्हय?"

"तुमी बोलत हुता का माज्याशी?"

आत्याबाई हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

चुलत सासऱ्यांच्या कानावर हे गेलं. संध्याकाळी ते दारात येऊन म्हणाले, "वयनी, नळी हायच. सूनबाईच्या पान्यापुरता आमचा घ्या." आत्याबाईंनी या खेपेला नाही म्हटलं नाही; दोन्ही कॉक उघडले. पुढच्या वर्षी चुलत सासऱ्यांची गुरं खुरकुतानं बसली, तेव्हा आमचा गॅस तिकडं गेला.

त्या हिवाळ्यात म्हातारी रोज यायची. पाय पसरून, त्यावर माझ्या लेकीला पालथी घालून ऊन पाणी घालायची. आधी रडणारी पोर हळूहळू गप व्हायची आणि तिथंच, तिच्या पायांवर झोपी जायची.