मीटर रूमची चावी

मुलुंडला आमच्या इमारतीच्या फाटकाला लागून शेठचं किराणा दुकान होतं, इमारत बांधली तेव्हापासूनचं. गल्ल्याचं तोंड फाटकाकडे. आत येणारा प्रत्येक माणूस आणि त्याच्या हातातली प्रत्येक पिशवी शेठच्या नजरेखालून जायची.

स्टेशनच्या वाटेवर सवलतीचं मोठं दुकान उघडलं, तेव्हा मी वर्तमानपत्रात होतो. छोट्या वाण्यांचं आता कसं होणार, अशी दोन कॉलमी बातमी मी लिहिली. शेठने ती कापून, लॅमिनेट करून गल्ल्यामागे टांगली. पुढे आमची आवृत्ती बंद पडली, मी अर्ध्या पगारावर दुसरीकडे लागलो आणि बायकोने महिन्याचं सामान मोठ्या दुकानातून आणायचं ठरवलं.

"तू लिहिलंस ते बरोबरच आहे रे," ती म्हणाली. "पण तेल तिथे स्वस्त आहे, हेही बरोबर आहे."

त्याच आठवड्यात शेठ तिला म्हणाला होता, "भाभी, दिवाळीपर्यंत बघतो. धंदा असाच राहिला तर शटर पाडून पोराकडे वापीला जातो."

त्यामुळे पिशव्या समोरून आणणं शक्य नव्हतं. इमारतीच्या मीटर रूमला एक दार मागच्या गल्लीत उघडायचं, वीज कंपनीच्या माणसांसाठी. तिथून सामान आत घेऊन जिन्याने वर नेता आलं असतं. पण मीटर रूमची चावी शेठच्या दुकानात खिळ्याला असायची. सेक्रेटरींनी ती दोनदा हरवल्यावर सोसायटीनेच तसं ठरवलं होतं.

पद्धत अशी पडली. रिक्षा मागच्या गल्लीत थांबायची. बायको पिशव्या सांभाळत बसायची. मी वळसा घालून रिकाम्या हाताने दुकानात जायचो.

"शेठ, मीटर रूमची चावी द्या. फ्यूज उडालाय."

नुसती चावी मागणं बरं दिसत नसे, म्हणून मी एक काडेपेटी घ्यायचो. आमच्याकडे गॅसला लायटर होता. काडेपेट्या आधी ओट्यावर, मग फ्रिजवर, मग पुस्तकांच्या कपाटात गेल्या. मोठ्या दुकानात डझनाचं पाकीट फार स्वस्त होतं, पण बायको त्याला हात लावत नसे. "काडेपेटी शेठकडची," ती ठामपणे म्हणायची.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला चावी आधीच कोणीतरी नेली होती. मीटर रूममध्ये तळमजल्यावरचे आजोबा भेटले. मूळचे मालवणकडचे, गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांच्या हातात तेलाचा मोठा कॅन होता.

"मी मीटर बघूक इलंय," आम्ही विचारायच्या आधीच ते म्हणाले.

"किती झालंय, आजोबा?" बायकोने विचारलं.

त्यांनी कॅनकडे पाहिलं. "पाच लिटर," ते म्हणाले.

पॅनेलच्या मागे आणखी पिशव्या होत्या. प्रत्येकीला चिठ्ठी टाचलेली आणि चिठ्ठीवर फ्लॅटचा नंबर. सगळ्यात नीटनेटकी चिठ्ठी सेक्रेटरींची होती.

एवढ्या घरांचे फ्यूज उडायला लागल्यावर शेठ काळजीत पडला. "साहेब, या महिन्यात अकरा वेळा चावी गेली. आग लागेल एक दिवस. वायरिंग बदला." मला सांगून तो थांबला नाही. त्याने सोसायटीला लेखी अर्ज दिला. तळमजल्यावर त्याचं दुकान होतं, तेव्हा अर्ज बाजूला सारता येईना.

सभा गच्चीवर झाली. सेक्रेटरींनी अर्ज वाचून दाखवला आणि कोणाचा विरोध आहे का, असं विचारलं. विरोध करायचा तर कारण सांगावं लागलं असतं. संपूर्ण वायरिंग नवीन घालण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. मी हात वर केला, त्याची नोंद इतिवृत्तात असेल. मोठ्या दुकानात आम्ही जे वाचवलं होतं ते त्या वर्गणीत गेलं. थोडं वरूनही घालावं लागलं.

काम चार दिवस चाललं. त्या चार दिवसांत पिशव्या पाण्याच्या पंपाच्या खोलीत होत्या.

पुढच्या रविवारी रिक्षा मागच्या गल्लीत थांबली, मी दुकानात गेलो आणि गल्ल्यासमोर उभा राहिल्यावर माझ्या लक्षात आलं की आता फ्यूज उडू शकत नाही. समोर माझीच बातमी टांगलेली होती. मी ती वाचल्यासारखं केलं.

शेठने चावी काढून काउंटरवर ठेवली. बाजूला काडेपेटी ठेवली.

"वायरमन बघायला आला तेव्हाच बोलला मला," तो म्हणाला. "वायरिंगला काय नव्हतं झालं. मागे तेल लई आहे, बोलला."

"मग काम थांबवायचं ना, शेठ."

"ठराव झाला होता ना. आणि थांबवायचं म्हणजे सगळ्यांना काय सांगू?" त्याने काडेपेटीचे पैसे घेतले. "आजोबांना बोला, साखर खाली जमिनीवर नको ठेवू. मुंग्या येतात. मी पावडर टाकलीय."

मी चावी घेतली. पिशव्या वर नेल्या. बायकोला सांगितलं, तेव्हा तिने हातातली डाळ डब्यात ओतली, झाकण लावलं आणि म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून साखर आणि पोहे त्याच्याकडून." आम्ही खरंच तसं केलं. आजोबांनीही रवा सुरू केला. दिवाळीला दोन महिने राहिले होते आणि साखर, पोहे, रवा आणि काडेपेट्यांवर दुकान चालत नाही, हे मला माझ्या बातमीमुळे माहीत होतं.

भाऊबीजेनंतर शेठने शटर पाडलं. मीटर रूमची चावी सेक्रेटरींकडे दिली. माझी बातमी खिळ्यावरून उतरवून, फडक्याने पुसून माझ्या हातात ठेवली. "साहेब, हे तुमचं."

त्यानंतरच्या पहिल्या खरेदीला रिक्षावाल्याला मी सवयीने मागची गल्ली सांगितली. दार बंद होतं. सेक्रेटरींनी चावी पुन्हा हरवली होती. आम्ही पिशव्या उचलून वळसा घालत समोरून आलो. फाटकात कोणी नव्हतं. दुकानाच्या शटरला कुलूप होतं. तरी तिथे पोचल्यावर बायकोने पिशव्या फिरवल्या आणि मोठ्या दुकानाचं नाव छापलेली बाजू अंगाकडे धरली.