हॉस्पिटलात जाताना नीट कपडे घाल

वसईहून आलेल्या फ्लावियाच्या मनात एक गोष्ट घट्ट बसली होती: डॉक्टरकडे गबाळं जायचं नाही. तिची आई सरकारी दवाखान्यातसुद्धा इस्त्रीची साडी नेसून जायची. नीट दिसलं की माणसं नीट वागवतात, हा त्या घरातला धर्मच. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा शहरापासून तासाभरावरच्या गावात, एका धान्य कंपनीचे हिशेब सांभाळताना फ्लावियाने तो इमानेइतबारे पाळला. हसायचं, आवाज चढवायचा नाही आणि काही झालं तरी 'नो वरीज' म्हणायचं. ऑफिसातले गोरे तिला मान देतात ते याचमुळे, अशी तिची पक्की समजूत होती.

शेजारची अचोल दक्षिण सुदानची. तिला आठवा महिना लागलेला. नवरा मीटवर्क्समध्ये, म्हणजे मांसाच्या कारखान्यात, शिफ्टला, घरातली एकुलती एक गाडी त्याच्याकडे. त्या दुपारी ती कुंपणापाशी येऊन म्हणाली, की कालपासून डोकं फुटतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत, हात सुजलेत. फ्लावियाने किल्ली उचलली, पण आधी तिला चांगला ड्रेस घालायला लावला. कानात डूल, ओठांना लिपस्टिक, सुजलेल्या चेहऱ्यावर थोडा मेकअप. अगं बाई, आधी गाडी काढायची असते! पण सवय ती सवय.

गावातल्या हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या नर्सने अचोलला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि ती कौतुकाने म्हणाली, किती छान दिसतेस, आजारी वाटतच नाहीस. अचोलने डोकेदुखीचं सांगितलं, काजव्यांचं सांगितलं, तेही स्वच्छ इंग्रजीत. तिचा आवाज जरा चढला तशी फ्लावियाने हळूच तिचा हात दाबला. नर्सने ना दंडाला बीपीचा पट्टा बांधला, ना डॉक्टरला हाक मारली. ऊन फार आहे, पाणी पी, पॅनाडॉलची गोळी घे, घरी जाऊन पड, एवढंच. आफ्रिकन बायका तशा कणखर असतात, हेही वर ऐकवलं. आणि फ्लाविया तिला थँक्यू म्हणाली.

पार्किंगमध्ये अचोल गाडीला धरून उभी राहिली. फासळ्यांखाली जीवघेणी कळ आली होती, समोरची फ्लाविया तिला धड दिसत नव्हती. फ्लावियाची पाचावर धारण बसली. आपणच हिला नटवून आणलं आणि आपणच गप्प केलं, हे तिला तिथे उन्हात उभ्या उभ्या कळलं. तिने अचोलला आधार देत परत आत नेलं.

"आता ओरड," ती म्हणाली. "जेवढं ओरडता येईल तेवढं ओरड."

अचोल ओरडली. बसलेली सगळी माणसं वळून बघू लागली. नर्सने फोन उचलला आणि धावत आला तो डॉक्टर नव्हे, सिक्युरिटी गार्ड. शांत हो नाहीतर बाहेर हो, असं तो अचोलला सांगू लागला. फ्लाविया त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा ती कुणाच्या वाटेत आडवी आली.

"आधी हिचं बीपी घ्या. मग आम्हा दोघींना बाहेर काढा."

घेतलं एकदाचं. भलताच चढलेला आकडा बघून नर्सच्या तोंडचं पाणी पळालं. मग मात्र डॉक्टरही सापडला आणि ॲम्ब्युलन्सही आली. टूवूंबाच्या रस्त्याला ॲम्ब्युलन्सच्या मागे गाडी चालवताना फ्लावियाला धड प्रार्थनासुद्धा आठवेना. वाटेत अचोलला झटके आले हे तिला तिथे पोचल्यावर समजलं. सिझेरियन करून बाळ काढलं. आई वाचेल का, हे कुणीच छातीठोकपणे सांगेना.

वाचली. मुलगी झाली होती, जेमतेम ओंजळभर, नळ्यांनी वेढलेली. फ्लाविया भेटायला गेली तेव्हा अचोल काचेच्या पेटीवर हात ठेवून बसली होती. फ्लाविया माफी मागू लागली, तर तिने मध्येच थांबवलं.

"शांतपणे सांगितलं तर घरी पाठवलं. ओरडले तर गार्ड आला. ही मोठी होईल, हिलाही पोरं होतील. हिला मी काय शिकवू, सांग."

फ्लाविया खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसली.